बहुमताने रक्तगट ठरत नाही

भालेरावकाकांवर लिहायचं म्हणून बसते आणि पहिल्याच वाक्याला अडते. 'काका भांडखोर होते' असं लिहिलं की कानात आवाज येतो, "मुळात भांडण वेगळं, वाद वेगळा." म्हणून 'वाद घालायचे' असं करते. तेही टिकत नाही. "मी वाद घालत नाही. चूक दाखवतो. वाद समोरचा घालतो." त्यांच्या मुलीचा, मेघनाचा, मँचेस्टरहून फोन आला त्याला आता दहा आठवडे होतील. एवढ्या दिवसांत माझं दीड पान झालंय आणि त्या दीड पानात त्यांना मान्य होईल असं एकही वाक्य नाही. तरी लिहिते. ते आता आक्षेप घेऊ शकत नाहीत, याची अजून सवय झालेली नाही.

आमची ओळख चुकीवरूनच झाली. मी कार्डिफला, वेल्समध्ये, एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात कॅटलॉगचं काम करते. कुणीतरी फार पूर्वी देणगी दिलेलं मराठी पुस्तकांचं एक कपाट तिथे आहे; त्याच्याकडे सहसा कुणी फिरकत नाही. एक दिवस एक उंच, वाळका माणूस माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. अंगात गुडघ्यापर्यंतचा कोट, कानामागे पेन्सिल. बसा म्हटलं तर बसला नाही. हातातलं पुस्तक पुढे ठेवून म्हणाला, "मुळात हे हिंदी नाही." पाहिलं तर खरंच नोंदीत भाषा हिंदी अशी पडली होती. मी माफी मागून लगेच दुरुस्त केली. माझ्या दृष्टीने विषय संपला. पुढच्या मंगळवारी ते बत्तीस पुस्तकांची यादी घेऊन आले, सगळी चुकीची नोंदलेली. मी एकेक तपासली. एकतिसांबाबत त्यांचं बरोबर होतं. बत्तिसावं पुस्तक मात्र खरोखरच हिंदी होतं.

ते मी हळूच सांगितलं. त्यांनी पुस्तक उघडून उभ्याउभ्याच दोन पानं वाचली, खिशातली यादी काढून शेवटची ओळ पेन्सिलीने खोडली, आणि मग पहिल्यांदा खुर्चीवर बसले. कोट न काढता. म्हणाले, रविवारी घरी चहाला ये.

कोट ते कुणाच्याच घरी काढत नसत. बोलता बोलता कधीही उठून जावं लागेल अशा तयारीने, दारापाशी असेल ती खुर्ची धरून बसत. बसलेले असले तरी एक पाय सतत हलत असे. नोटीसबोर्ड दिसला की कानामागची पेन्सिल हातात येई. कोपऱ्यावरच्या लाँड्रीने दारावर वेल्श आणि इंग्रजी अशी पाटी लावली होती. दोन्हींतल्या वेळा जुळत नाहीत असं त्यांना वाटलं. मग खात्री करायला ते वेल्शच्या वर्गाला जाऊ लागले. पाटी चुकीची निघाली हे दोन महिन्यांत सिद्ध झालं, पण तोवर त्यांचं वेल्श भाषेशीच जुंपलं होतं. या भाषेत शब्दाचं पहिलं अक्षर जागेनुसार बदलतं, गावांच्या नावांचंसुद्धा. काका शिक्षिकेला म्हणाले, गाव एकच आणि पहिली अक्षरं तीन, आमच्याकडे नावात एवढा फरक असता तर सॅम्पल फेकून दिलं असतं.

आमच्याकडे म्हणजे रक्तपेढीत. नागपूरहून तरुणपणी इथे आले आणि एका सरकारी इस्पितळाच्या रक्तपेढीत त्यांची सगळी नोकरी झाली. रक्त पेशंटशी जुळतं की नाही हे पाहण्याचं काम. एकदा मोठ्या डॉक्टरांनी तातडीने रक्त मागितलं आणि काकांनी द्यायला नकार दिला, कारण नळीवरच्या आडनावात एक अक्षर वेगळं होतं. डॉक्टर फोनवर ओरडले. काकांनी नवीन सॅम्पल मागितलं. ते आलं आणि त्याचा रक्तगट वेगळाच निघाला. कार्डिफमधल्या मराठी मंडळींना ही गोष्ट पाठ होती, कारण ती कोणत्याही वादात येऊ शकत असे. गणपतीचं विसर्जन कोणत्या रविवारी करायचं यावर मंडळाच्या बैठकीत मतदान झालं. सगळे हात एका बाजूला आणि काकांचा एकटा दुसऱ्या बाजूला. तेव्हा ते उठून म्हणाले, "बहुमताने रक्तगट ठरत नाही." मंडळात त्यांना मागून 'भाला' म्हणत. ते आत शिरले की कुणीतरी हळूच म्हणे, आला, सांभाळा.

सुमनकाकू होत्या तोवर हे सगळं चालून जाई. काकू काही समजूत घालत नसत. नवऱ्याचं बोलून संपेपर्यंत स्वेटर विणत बसत, मग वर न बघता विचारत, "झालं?" त्या एका शब्दाने काका थांबत. कधी कधी तर त्या शब्दाचीच वाट बघत असल्यासारखे थांबत. काकू गेल्यावर त्यांना थांबवणारं कुणी उरलं नाही, आणि हे काकूंच्या अंत्यविधीलाच दिसलं.

मेघना इथेच जन्मलेली, मँचेस्टरला आयटीत नोकरी करणारी. तिला मराठी समजतं सगळं, पण बोलताना लिंग चुकतं. टेबल ती, खुर्ची तो, भात कधी ती आणि कधी ते. लहानपणापासून जेवताना काका तिचं वाक्य अर्ध्यावर धरून दुरुस्त करत. म्हणून ती हळूहळू इंग्रजीतच बोलायला लागली, असं काकूंनी मला एकदा सांगितलं होतं. क्रेमेटोरियममध्ये तिने इंग्रजीत लिहून आणलेला कागद वाचला. मग तो खाली ठेवला आणि शवपेटीकडे बघून मराठीत म्हणाली, "आई माझा पहिला मित्र होता."

पहिल्या बाकावरून, मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं काका म्हणाले, "मैत्रीण. होती."

मेघना थांबली. पुढे काहीतरी बोलायचं होतं तिला, ओठ हलले होते. मग म्हणाली, "थँक यू, डॅड," आणि जागेवर जाऊन बसली. जन्मात तिने त्यांना डॅड म्हटलेलं नव्हतं. त्या दिवशी ती निघून गेली ती गेलीच. काकांचे फोन ती उचलेना. वाढदिवसाला कार्ड आलं, छापील मजकुराखाली नुसतं नाव.

त्यानंतरच्या महिन्यांत काका शरीरानेही जागेवर राहत नसत. भेटायला गेलं की स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत, तिथून खिडकीशी, पुन्हा स्वयंपाकघरात. मुळात तिचं वाक्य चूक होतं की नाही, हे ते मला विचारत. मी म्हणे, होतं. मग त्यांना बरं वाटायला हवं होतं, पण ते अजूनच येरझाऱ्या घालत. एकदा मध्येच थांबून म्हणाले, "चूक होतं ते खरं. पण ते माझ्यासाठी नव्हतं ना. तिच्या आईसाठी होतं." मग मला म्हणाले, मुलगी पुन्हा माझ्याशी आपल्या भाषेत बोलायला हवी, बाकी मला काही नको. आणि लगेच पुढे, आपल्या भाषेत म्हणजे चुकीच्यासुद्धा.

झोप लागत नाही म्हणून ते जीपीकडे, म्हणजे इथल्या नेहमीच्या डॉक्टरकडे गेले. जीपीने खोदून विचारल्यावर हे सगळं निघालं, आणि त्याने त्यांना जवळच्या एका हॉलमध्ये दर बुधवारी भरणाऱ्या गटात पाठवलं. वाद घातल्याशिवाय राहवत नाही अशा माणसांचा गट. नऊजण होते, आणि काका सांगत, नऊही पक्के. पहिल्या बुधवारी गट चालवणारी बाई, कॅरिस, म्हणाली की वाद घालणं ही बऱ्याचदा सवय असते. त्यावर काका म्हणाले की सवय हा शब्दच चुकीचा आहे. सगळे हसले. "काहून हसले?" काका मला विचारत होते. चाळीस वर्षं इथे काढून, गोंधळले की ते नागपूरलाच जात.

तिसऱ्या बुधवारी कॅरिसने त्यांना एक उपाय सांगितला. उत्तर देण्याआधी समोरच्याचं वाक्य जसंच्या तसं पुन्हा म्हणायचं आणि बरोबर ऐकलं का ते विचारायचं. मला हे सांगताना काकांचा चेहरा बघण्यासारखा होता. म्हणाले, अगं, हे तर मी आयुष्यभर केलंय. रक्तपेढीत फोन आला की आधी लेबल वाचून दाखवायचं, नाव, जन्मतारीख, नंबर, एकेक अक्षर. पलीकडचा हो म्हणाला की मगच पुढे. "फोनवर मी कधी आधी वाद घातला नाही. लेबल वाचून झाल्यावर घातला." मग त्यांनी कॅरिसच्या उपायाचं नावच लेबल ठेवलं.

मंडळात त्यांनी लेबल पहिल्यांदा वापरलं ते एकादशीच्या फराळाच्या बैठकीत. आमच्या सेक्रेटरी पाठकबाई म्हणाल्या होत्या की इथल्या मुलांना आवडतो म्हणून साबुदाण्याच्या खिचडीत कांदा घालू. सगळ्यांच्या नजरा काकांकडे. काका उठले, कोटाची बटणं लावली आणि अत्यंत शांतपणे म्हणाले, "तुमचं म्हणणं असं की उपासाच्या खिचडीत कांदा घालायचा, कारण मुलांना आवडतो. बरोबर ऐकलं का मी?" पाठकबाई हो म्हणाल्या. काका बसले. पुढे काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाईंचा मला फोन. त्यांना सांग बाई, पूर्वीसारखं भांडा म्हणावं. ते असं वाचून दाखवतात आणि मग माझं बोलणं माझ्याच कानांना कसंतरी लागतं. खिचडी कांद्याशिवाय झाली.

पण परक्या माणसांपुढे गप्प राहणं काकांना सोपं होतं. घरच्या चुकीपुढे राहता येईल का, हीच त्यांना शंका होती. म्हणून त्यांनी मला कामाला लावलं. शनिवारी सकाळी मी जायचं आणि चहा पिता पिता मुद्दाम चुकीचं बोलायचं. मी म्हणे, "नागपूरची संत्री तशी आंबटच." काका खुर्चीचा हात धरत. उठून स्वयंपाकघरात जात, नळ सोडत, बंद करत, परत येऊन म्हणत, "संत्री आंबट, असं तुझं म्हणणं. बरोबर ऐकलं?" मग मी व्याकरणाकडे वळे. खिडकी उघडला. चहा थंड झाली. हे त्यांना संत्र्यांपेक्षा अवघड जाई. 'चहा झाली' ऐकलं की त्यांच्या कपाळाची शीर दिसायला लागे. पहिल्या शनिवारी ते चौथ्या वाक्याला फुटले, आणि मग अर्धा तास चहाच्या लिंगावर बोलले.

अशाच एका शनिवारी त्यांनी मला एकदम म्हटलं, "तू कधीच वाद घालत नाहीस. ते काही चांगलं लक्षण नाही. तुझ्याशी बोलताना भिंतीला पाठ टेकल्यासारखं वाटतं. बरं वाटतं, पण भिंत काही सांगत नाही." मी त्यावरही वाद घातला नाही.

त्याच दिवशी त्यांनी मला दुसरी गोष्ट सांगितली, मंडळात कुणाला माहीत नसलेली. नोकरीचं पहिलं वर्ष. इंग्रजी अजून जिभेवर बसलेलं नव्हतं. एका नळीवरच्या जन्मतारखेत आणि फॉर्मवरच्या तारखेत एका आकड्याचा फरक त्यांना दिसला. त्यांनी वरिष्ठाला दाखवला. वरिष्ठ म्हणाला, चालेल. काका गप्प बसले. रक्त गेलं. मी विचारलं, पुढे काय झालं? "काही नाही," ते म्हणाले. "पेशंट बरा होऊन घरी गेला. तेच वाईट झालं. काही झालं असतं तर मला शिक्षा तरी झाली असती. महिनाभर मी रोज त्या वॉर्डच्या बाहेर जाऊन उभा राहायचो." मग खिडकीशी जाऊन, माझ्याकडे पाठ करून म्हणाले, तेव्हापासून चूक दिसली की मला कुणीतरी मरेल असं वाटतं, ग. वाक्य चुकलं तरी तसंच वाटतं. ते वेगळं आहे हे डोक्याला कळतं. जिभेला कळायला फार वेळ लागतो.

नोव्हेंबरात मेघनाची दोन ओळींची इंग्रजी ईमेल आली. आईच्या काही वस्तू न्यायला रविवारी येईन, दोन तास थांबेन. काकांनी ती मला सहा वेळा वाचून दाखवली. शेवटी डॅडच लिहिलंय, म्हणाले. मग मला म्हणाले, तू ये. माझी जीभ सुटायला लागली तर टेबलाखालून पाय दाब.

मेघना आली. आईसारखीच बारीक, चष्मा, केस वर बांधलेले. माझ्याशी नीट बोलली, काकांशी हवामानाबद्दल. सगळं इंग्रजीत. काकांनीही इंग्रजीतच उत्तरं दिली, एकेका वाक्यात. त्यांचा पाय टेबलाखाली इतका हलत होता की माझा चहा बशीत सांडला. तिने साड्या पाहिल्या, दोन बाजूला ठेवल्या. फोटो घेतले. मग स्वयंपाकघरात गेली. फडताळ उघडल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात काकूंचा स्टीलचा मिसळणाचा डबा होता, रोजच्या फोडणीचा, झाकणाला पोचा आलेला. ती त्याच्याकडेच बघत होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "ही डबा मी घेऊ?"

मी काकांच्या पायावर पाय ठेवला. त्यांचा पाय हलायचा थांबला होता.

"ही डबा तुला हवी," काका म्हणाले. "बरोबर ऐकलं का मी?"

ते सवयीने आलं होतं, इतक्या शनिवारांच्या सवयीने, अक्षर न बदलता. पण मेघनाला शनिवार माहीत नव्हते. तिचा चेहरा लाल झाला. इंग्रजीत म्हणाली, तुम्ही माझी थट्टा करताय? आईच्या डब्यावरून? डबा टेबलावर ठेवून तिने कोट उचलला.

आता काका समजावून सांगतील असं मला वाटलं. मुळातपासून. रक्तपेढी, लेबल, कॅरिस, आणि त्यात पंधरा मिनिटं जातील आणि ती पहिल्याच मिनिटाला दाराबाहेर असेल. काका उठले. डबा दोन्ही हातांनी उचलला आणि तिच्यापुढे धरला. आतल्या वाट्या एकमेकींवर वाजल्या.

"तुझीच आहे ती," ते म्हणाले. "ने."

मेघनाने कोट खुर्चीवर ठेवला. तिला त्या 'ती'मधलं काही कळलं की नाही, मी सांगू शकत नाही. मी विचारलं नाही. तिने डबा घेतला. झाकण उघडलं, मोहरीच्या वाटीत बोट फिरवलं, मग मराठीत विचारलं, आई हळद कुठून आणायची. काकांनी दुकानाचं नाव सांगितलं. एवढंच. दोन तासांसाठी आलेली ती साडेतीन तास थांबली. निघताना दारात म्हणाली, "सी यू, बाबा."

गाडी वळल्यावर मी म्हटलं, काका, पहिल्यांदा लेबल होतं, पण दुसऱ्यांदा तुम्ही मुद्दाम म्हणालात. ते कप उचलत होते. "काय मुद्दाम? डबा पुल्लिंगी आहे. मला शिकवू नकोस."

फेब्रुवारीत ते तिच्याकडे पंधरा दिवसांसाठी गेले. अकराव्या दिवशी दुपारी, जेवण झाल्यावर, खुर्चीत बसल्या जागीच गेले. हीटिंग किती ठेवायचं यावर आमचं चाललं होतं, असं मेघना फोनवर म्हणाली. त्यांचं ऐकून मी कमी करायला उठले, ती म्हणाली, आणि परत आले तर. हे सगळं ती मराठीत बोलली. मी तिला कुठेही अडवलं नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते कार्डिफच्या स्टेशनवर, त्यांना मँचेस्टरच्या गाडीत बसवून द्यायला गेले तेव्हा. ते डब्याच्या दारातच उभे होते, कोट, पेन्सिल, एका हातात बॅग आणि दुसऱ्या हाताने कानाला लावलेला फोन. मँचेस्टरच्या पिकॅडिली स्टेशनला उतरल्यावर मेघनाच्या घरी जायला ट्राम कुठे बदलायची, हा प्रश्न होता. तिचा आवाज फलाटावर मलासुद्धा ऐकू येत होता. "बाबा, तुमची नकाशा जुनी आहे, कॉर्नब्रुकला उतरायची काही गरज नसतो." त्या वाक्यात व्याकरणाच्या तीन चुका होत्या. काकांनी त्या तिन्ही सोडल्या आणि चौथी धरली, कॉर्नब्रुकची. मुळात, ते म्हणाले, मुळात तू ट्रामने कधी गेलीस का, तू तर गाडीने फिरतेस. ती म्हणाली, मी तिथे राहतो, बाबा, तुम्ही नाही. दोघंही मोठ्याने बोलत होती. आजूबाजूची माणसं वळून बघत होती आणि वाट काढून आत जात होती. मी हात हलवला; त्यांनी पाहिलं नाही. दार बंद झालं. काचेआड त्यांचा आवाज येईना, नुसतं तोंड हलताना दिसत होतं, भुवया वर, बॅग अजून हातातच, बसायचं भानच नाही. गाडी हलली तेव्हाही ते बोलतच होते, आणि मधूनमधून थांबत होते, म्हणजे पलीकडेही कुणी फोन ठेवलेला नव्हता.